म्हशाला न्यायचे नऊ दिवे

समोर मी नवऱ्याला अहो-जाहो करते आणि पाठीमागे म्हातारा म्हणते. लिहिणं म्हणजे पाठीमागे बोलणंच, तेव्हा इथे तो म्हातारा. मुरबाडहून म्हसा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे. पुढे अंगण, अंगणात दोन वर्षं उभा होता तो डबा, आणि घरात खाटेवर म्हातारा, नाकाला नळी लावून.

डबा म्हणजे चाकांवरची खोली. गाडीच्या मागे अडकवून ओढत न्यायची. आत दोन माणसांना झोपायला जागा, एवढासा ओटा, त्याहून एवढीशी मोरी आणि छतात दिवे. माळशेजच्या रस्त्याला परदेशातून आलेल्या एका माणसाचं फार्महाउस होतं, त्याने तो डबा अमेरिकेतून बोटीने आणवला होता. म्हातारा वायरमन. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरिंग केल्यावर उतारवयात त्याने त्या फार्महाउसवर पंप आणि लाइट बघायचं काम धरलं होतं. मालक जागा विकून जायला निघाला तेव्हा म्हणाला, "काका, भंगारात देण्यापेक्षा तुम्ही न्या हे." म्हाताऱ्याने आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही, मला सोडून. ट्रॅक्टरला बांधून डबा अंगणात आला.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "चाकावर बिऱ्हाड मांडलंस? सुनेने हाकललं का गो?"

"अजून नाय," मी म्हटलं. "पण तयारी असलेली बरी."

सून कल्याणला असते. तिने हे वाचलं तर वाचू दे.

त्या डब्याचं काय करायचं ते म्हाताऱ्याने बरेच महिने सांगितलं नाही. मग फुप्फुसांचं निघालं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं वाळत चाललीत, परत पहिल्यासारखी व्हायची नाहीत, आहे ते सांभाळायचं. घरात विजेवर चालणारं मोठं मशीन आलं, हवेतला ऑक्सिजन काढून नळीने नाकाला देणारं, आणि बाहेर जायचं झालं तर खांद्याला अडकवायला एक छोटं. मशीन आल्याच्या चौथ्या दिवशी बशीतला चहा फुंकता फुंकता, म्हणजे जेवढं फुंकता येत होतं तेवढं फुंकत, म्हातारा म्हणाला, "औंदा म्हशाला एक रात्र काढू. जत्रेत. डब्यात. तू नि मी."

मी कप खाली ठेवला. का ठेवला ते समजायला बावीस वर्षांच्या एका दीडशहाण्या बाईची ओळख करून द्यावी लागेल.

ती बाई शहापूरची. तिला मुरबाड तालुक्यात दिली तेव्हा ती आठ दिवस रडली, कारण मुरबाडला रेल्वे नाही. सासरी आल्यावर तिच्या दर वाक्यात रेल्वे यायची. "आमच्याकडं गाडीची शिट्टी ऐकून चूल पेटवतात." खरं तर स्टेशन आसनगावला, आमच्या माहेरच्या घरापासून चांगली तंगडतोड होईल एवढं लांब, आणि शिट्टी ऐकू यायची ती वाऱ्याची मर्जी असेल तेव्हा. पण हे तिने मुरबाडात कुणाला सांगितलं नाही. आजवर नाही.

पौषात म्हशाची जत्रा भरते. गुरांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे, भांडी. म्हातारा तेव्हा तरणाताठा होता. जत्रेतल्या दुकानांना जनरेटरवरून लाइट द्यायचं काम तो घ्यायचा आणि जत्रा असेतोवर तिथेच ताडपत्रीखाली झोपायचा. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात तो म्हणाला, "एक रात्र चल की. मी लाइट सोडली की सगळं कसं दिसतं ते बघ एकदा."

त्यावर त्या शहाणीने काय म्हणावं? "बैलांच्या बाजारात बायकोला झोपवतात का तुमच्याकडं? आमच्याकडं रेल्वे हाय."

रेल्वेचा इथे काय संबंध ते तिचं तिला ठाऊक. दुसऱ्या वर्षी पोटात मूल होतं. तिसऱ्या वर्षी भाताची झोडणी उशिरापर्यंत चालली. मग सासूचे गुडघे. एखाद्या वर्षी कारण सापडलं नाही तर ती नुसतं नाक मुरडायची. त्या नाकाला तेव्हा फार भाव होता. जत्रेला ती जायची, पण दिवसा. बांगड्या भरायची, भजी खायची आणि उजेड आहे तोवर जीप धरून घरी. नऊ-दहा वर्षं त्याने विचारलं आणि मग विचारायचं सोडलं. तिला वाटलं, जिंकले.

तर त्या चहाच्या वेळी नाक न मुरडता मी म्हटलं, "जाऊ."

अंतर काहीच नाही. ट्रॅक्टरने हळूहळू गेलं तरी पाऊण तास. अडचण रात्रीची होती. जत्रेच्या माळावर वीज नाही, म्हणजे छोटं मशीन रात्रभर डब्याच्या बॅटरीवरच चालायला हवं. आम्ही अंगणातच करून बघितलं. छतातले नऊही दिवे लावले, मशीन लावलं आणि गादीवर शेजारी शेजारी बसलो. ते दिवे हॅलोजनचे, छताला भोकं पाडून आत बसवलेले. अर्ध्या तासात असं गरम झालं की कोंबडीखाली उबवायला ठेवलेल्या अंड्यांचं दुःख मला कळलं. म्हाताऱ्याचा श्वास फुलला. दोन तास व्हायच्या आत बॅटरी उतरली आणि मशीन पी पी करायला लागलं.

"अंधारात झोपू की," मी म्हटलं. "झोपायला लाइट कशाला लागते?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या आईला काही बोलले. "जत्रेत? लाइटवाल्याचा डबा नि आत काळोख? लोक थुंकतील."

मग जरा दम घेऊन म्हणाला, "हॅलोजन काढू. एलईडी टाकू. एकेक हॅलोजन वीस वॅट खातो, एलईडी तीन. वाचेल ते मशीनला."

आता हे काम म्हणजे हात डोक्याच्या वर धरून करायचं. म्हाताऱ्याचे हात खांद्याच्या वर गेले की त्याचा दम जायचा. केस विंचरायलासुद्धा मीच. तेव्हा स्टुलावर मी आणि खाली गादीवर तो, नळीसकट, हुकूम सोडायला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण एका कामाला दोघांनी हात लावायची आमची ती पहिलीच वेळ असावी.

माझ्या धाकट्या भावाचं शहापूरला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एसटीने गेले. म्हटलं, "बारा व्होल्टचे नऊ दे. छतात बसवायचे."

"बारा व्होल्टचे घरात नाय चालायचे हां ताई, आधीच सांगतो."

"घर नाय, डबा आहे."

"भाऊजींचा खेळ चाललाय वाटतं अजून."

"खेळतायत तवर खेळू दे," मी म्हटलं.

भावाने खोकं उघडून एकेक दिवा दुकानातल्या बॅटरीला लावून बघितला आणि कागदात गुंडाळून दिला.

पहिल्या दिवशी बॅटरीची वायर सोडून आम्ही सुरुवात केली. जुन्या दिव्याचे दोन स्क्रू काढले की तो सुटून हातात यायचा आणि दोन वायरींना लोंबकळायचा, एक काळी, एक पांढरी. त्याच्या भोवतीचं प्लास्टिक करपलेल्या पापडासारखं झालं होतं. वायरींच्या जोडावर टेप नव्हती, पिळून बसवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या होत्या. म्हातारा ती टोपी हातात घेऊन उलटसुलट बघत बसला. "कसं साफ काम केलंय बघ," म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या कामाचं कौतुक मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

नवे दिवे आकाराने लहान निघाले. जुनं भोक मोठं, दिवा त्यातून खालीच यायचा. म्हातारा म्हणाला, आता याला रिंगा लागतील, कल्याणला मिळतील. मी घरात गेले, श्रीखंडाच्या डब्यांची साठवलेली झाकणं आणली, मध्ये वाटी ठेवून पेनाने गोल काढला आणि कात्रीने कापला. बरोबर बसली.

"एवढी झाकणं ठेवलीस कशाला?" त्याने विचारलं.

"तुम्ही डबा ठेवलात, मी झाकणं ठेवली."

मग जोडणी. नव्या दिव्याला एक लाल वायर, एक काळी. छतातून येणाऱ्या एक काळी, एक पांढरी. मी वरून विचारलं, "कुठली कुणाला?"

"काळीला काळी," म्हातारा म्हणाला.

"नि पांढरीला लाल?"

"मग काय उरलं? काळी म्हणजे परतीची. ती गरम नसते, तिच्यातून करंट येत नाय. दुनियेत कुठं पण जा."

दिवसाला तासभर, त्याहून जास्त नाही. माझी मान धरायची आणि खाली बसून नुसतं बोलूनही त्याचा दम सरायचा. चार दिवसांत नऊ दिवे झाले. बॅटरी लावली. बटण म्हाताऱ्याने स्वतः दाबलं.

एकही पेटला नाही.

त्याने आपला जुना टेस्ट लॅम्प मागितला. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये गाडीचा छोटा बल्ब आणि दोन वायरी, करंट आहे की नाही बघायला. तो मी छतातल्या वायरींना लावला तर झक्क पेटला. "करंट आहे," म्हातारा म्हणाला. "माल खराब. तुझ्या भावाचा."

नऊही दिवे परत सोडवून, पिशवीत घालून मी शहापूरला गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर भावाला म्हटलं, बहिणीला फसवलंस. त्याने शांतपणे एकेक दिवा काढला, बॅटरीला लावला. नऊच्या नऊ पेटले.

"ताई," भाऊ हळू म्हणाला, "भाऊजींना जमत नसेल तर मी येतो रविवारी."

"नको," मी म्हटलं. "तू आलास तर ते मरतील."

घरी येऊन सांगितलं, तिकडे पेटतात. म्हातारा बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता. "मग मलाच कळंना झालं," तो म्हणाला. "राहू दे गो. नाय जमायचं." आणि भिंतीकडे तोंड करून पडला. दोन दिवस त्याने म्हशाचं नाव काढलं नाही. त्याचा दुखण्याचा चेहरा मला सवयीचा झाला होता. हा वेगळा होता. नळी लागली तेव्हाही तो वायरमन होता.

तिसऱ्या दिवशी तो न्हाणीत गेला. त्याच्या आंघोळीला आता वेळ लागतो, मधे मधे पाटावर बसून राहतो. मी डब्यात गेले, बॅटरी सोडली, स्टुलावर चढले आणि एक दिवा उलटा जोडला. काळीला लाल. अक्कल चालवून जोडला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं नाही. ती खोडी होती. चाळीस वर्षं ज्याने मला बटणाशिवाय कशाला हात लावू दिला नाही, त्याच्या नियमाच्या उलट करून बघायची मजा. बॅटरी लावली, बटण दाबलं. दिवा लागला. धुतलेल्या तांदळासारखा उजेड.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मला आता कळतं. गप्प बसायला हवं होतं. उरलेले आठही दिवे तसेच जोडून, भाऊ येऊन गेला म्हणायचं, किंवा उंदराने वायर खाल्ली होती म्हणायचं, काहीही. बावीसच्या वयात नाक होतं, आता जीभ आहे. मी अंगणातून हाक मारली, "अहो चाळीस वर्षं, इकडे या जरा."

तो डब्याच्या दाराची चौकट धरून आला, छोटं मशीन खांद्याला. दिव्याकडे बघितलं. "उलटी जोडलीस?"

"उलटी."

"काळी गरम?"

"तुमच्या अमेरिकेत काळी गरम," मी म्हटलं, आणि हसले. पोट धरून हसले. उभं राहवेना म्हणून खाली बसले आणि पुन्हा हसले.

जुन्या हॅलोजनला उलटसुलट काही चालतं, टेस्ट लॅम्पलाही. एलईडीला चालत नाही. आणि तिकडच्या वायरिंगमध्ये काळ्या वायरीतून करंट येतो, पांढरीतून परत जातो. एवढंच होतं. म्हातारा डब्याच्या पायरीवर बसला.

"किती घरं जोडली असतील मी," तो म्हणाला.

"ती बरोबर होती की."

"हां," तो म्हणाला. "ती बरोबर होती."

त्यानंतर त्याने एकही हुकूम सोडला नाही. उरलेले आठ मी जोडले. तो खाली बसून मला स्क्रू देत होता, मागेन तेव्हा एक, आणि मी वरून विचारलं, हे असं बरोबर आहे का, तर म्हणायचा, "तुला दिसतंय ना."

मग आम्ही परत करून बघितलं. सकाळी दूध तापवल्यावर मशीन आणि नऊही दिवे लावले, भर उन्हात. म्हातारा मीटर घेऊन बसला आणि दर तासाला कॅलेंडरच्या पाठीमागे आकडा लिहीत गेला. जेवण तिथेच केलं. दुपारी तो झोपला, मी आकडा लिहिला. डबा गरम झाला नाही. दिवेलागणीला त्याने आकडे वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाला, "रात्र निघेल."

त्या आठवड्याचं मी काय सांगू. गोधड्या उन्हात टाकल्या. खिडकीला पडदे शिवले. ट्रॅक्टरवाल्याला जत्रेचा दुसरा दिवस सांगून ठेवला. म्हातारा खाटेवरून विचारायचा, पाण्याचा कॅन घेतला का, चाकांत हवा भरली का, घोंगडीवाल्यांच्या रांगेत जागा मिळेल का. मी शेजारणीला सांगितलं की आम्ही जत्रेला मुक्कामाला जातोय. तिने काही टोमणा मारला नाही, तेव्हाच मला जरा भीती वाटायला हवी होती.

मार्गशीर्ष सरत आला तशी थंडी वाढली आणि म्हाताऱ्याला सर्दी झाली. साधी सर्दी, नाक गळायची. चौथ्या दिवशी ओठ निळे दिसले. कल्याणच्या दवाखान्यात दहा दिवस काढले. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, आतापर्यंत दोनवर चालत होतं, यापुढे पाचवर ठेवायचं. ते लिटर होते, एका मिनिटाचे. छोटं मशीन एवढं देऊ शकत नाही.

मी विचारलं, "दोन छोटी लावली तर?"

डॉक्टर हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. मी दोन बल्ब मागावेत तसं विचारलं होतं.

"सिलिंडर नेला तर? एकच रात्र. जत्रेला."

"गुरांच्या बाजारात?" ते म्हणाले. "धुळीत? आजी, त्यांना उंबऱ्याबाहेर काढू नका आता."

म्हातारा खुर्चीत बसून हे ऐकत होता. येताना गाडीत तो रस्त्याकडेचे विजेचे खांब बघत होता.

घरी मी एक सुचवून बघितलं. घरातून डब्यापर्यंत वायर टाकू, मोठं मशीन डब्यात नेऊ, अंगणात तर अंगणात, दिव्याखाली बसू जरा.

"उभ्या डब्यात बसून काय करू?" तो म्हणाला. "दुकान मांडू?"

जत्रा सुरू झाली. रस्त्यावरून जीप चालल्या, टपापर्यंत माणसं. टेम्पोतून बैल चालले, शिंगं रंगवलेले. गळ्यातल्या घंटा आमच्या खिडकीत वाजत राहिल्या. म्हातारा डोळे मिटून पडला होता, पण झोपला नव्हता. एखादं जनरेटर गाडीवर चढवून नेत असले की त्याच्या पापण्या हलायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून कळवायचं मी विसरले होते. इंजिन चालूच ठेवून तो म्हणाला, "काकी, निघायचं ना? नंतर रस्ता जाम होतो."

मी दारात उभी. आतून म्हाताऱ्याने हाक मारली. गेले.

"तू जा," तो म्हणाला.

"कुठं?"

"म्हशाला. डबा घेऊन. एक रात्र. सुनेला बोलव इकडं, ती बघेल मला." एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं. "लाइट लावून बस. कसं दिसतं ते मला येऊन सांग."

मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला काहीतरी उलट बोलत आले. तेव्हा मात्र खाटेच्या कडेला बसले आणि त्याच्या नळीला पीळ पडला होता तो सोडवला.

"मी एकटी नाय जायची," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या पहिल्या पौषात मी नाही म्हटलं तेव्हाही त्याने असंच बघितलं असेल, तेव्हा मी बघितलं नव्हतं.

बाहेर जाऊन मी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, जा बाबा, तुझी खेप वाया गेली. तो गाडी वळवायला लागला, मग थांबून म्हणाला, "आलोच आहे तर डबा मागं पेंढ्याच्या बाजूला लावून देऊ का? अंगण तरी मोकळं होईल."

मी म्हटलं, "लाव."

साखळी अडकवली, डबा हलला. दोन वर्षं एका जागी उभ्या असलेल्या चाकांखालचं गवत पिवळं पडलं होतं. घराच्या कडेने फिरून डबा मागे गेला आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागला.

मी आत आले तेव्हा म्हातारा खिडकीतून रिकाम्या अंगणाकडे बघत होता. "गेला?" त्याने विचारलं.

"नाय. मागं लावला."

त्याने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाला, "खिडकी लाव गो. घंटांचा आवाज येतो."

मी खिडकी लावली. आवाज तरीही येत होता.